तुम्ही विचारलंत म्हणून: फाइली डेस्कटॉपवर की डी ड्राइव्हमध्ये?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलो की निघताना हा प्रश्न येतोच. घाईत मी 'डीमध्ये ठेवा' एवढंच सांगतो. ते उत्तर अपुरं आहे, म्हणून आज नीट सांगतो.

मी धंद्यात नवा होतो, विंडोज एक्सपीचे दिवस होते. कास्टिंगसाठी पॅटर्न करणाऱ्या एका काकांच्या मशीनला व्हायरस लागला होता. विंडोज असतं तो सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून पुसण्याआधी विचारलं, "काका, सीमध्ये कामाचं काही आहे का?"

"सीमध्ये काय नाही ओ. सगळं डेस्कटॉपवर हाय. मारा बिनधास्त."

मी मारला. विंडोज चढलं, हिरव्या टेकडीचं चित्र आलं आणि काका म्हणाले, "माझी ड्रॉइंगं कुठं गेली?"

रिकव्हरीला रात्रभर बसलो. बरीच ड्रॉइंगं मिळाली, पण नावं पुसली गेली होती. पंपाची बॉडी कुठली, पुली कुठली, हे बघायला काकांना एकेक फाइल उघडावी लागली. चूक माझी होती. डेस्कटॉप सीमध्येच असतो हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

समोर दिसतो तो डेस्कटॉप म्हणजे एक साधं फोल्डरच. विंडोज ९५मध्ये ते चक्क विंडोजच्याच फोल्डरात असायचं. एक्सपीत 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये गेलं, व्हिस्टापासून 'यूजर्स'मध्ये तुमच्या नावाखाली. पत्ता बदलला, ड्राइव्ह सीच राहिला. लिनक्स या दुसऱ्या सिस्टिममध्ये माणसाच्या फाइलींचं घर 'होम' या नावानं वेगळं असतं. ते वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर ठेवलं, तर सिस्टिम नव्यानं टाकतानाही त्याला हात लावावा लागत नाही. माझ्या मते हीच रीत बरोबर आहे: सिस्टिम गेली तरी माणसाचं काम जागच्या जागी राहावं.

विंडोजमध्येही हे जमतं. डीमध्ये एक फोल्डर करा. मग 'डॉक्युमेंट्स'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि ते फोल्डर दाखवा. डेस्कटॉपचंही तसंच, पण त्याला वेगळं फोल्डर द्या. नुसता डी ड्राइव्ह मात्र कधीच दाखवू नका, दोन्ही फोल्डरं एकमेकांत मिसळून गुंता होतो. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण, चालू असेल तर आधी बघा, तुमचा डेस्कटॉप त्याच्या फोल्डरात गेलेला असू शकतो. आणि तिथं फुकटची जागा 5 जीबीच आहे.

आता डीबद्दल. बऱ्याच मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क बसली की दोन्ही गेले. डी फॉरमॅटपासून वाचवतो, बिघाडापासून नाही. नव्या लॅपटॉपला तर अनेकदा नुसता सीच असतो. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच, आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नको. 2019 आणि 2021 चा महापूर आपण बघितलाय. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं की सीपीयू आणि ड्रॉवर एकदमच भिजतात.

काकांच्या मशीनवर आज डीमध्ये 'काम' नावाचं फोल्डर आहे, आत गिऱ्हाइकवार फोल्डरं, डेस्कटॉपवर नुसते शॉर्टकट. दर शनिवारी त्यांची सून कॉपी मारते आणि डिस्क पर्समध्ये टाकून घरी नेते. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे.