तुम्ही विचारलंत म्हणून: इन्कम टॅक्स घटला की देश वाढतो का?

कराडात मी लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून देतो. त्यामुळे 2025च्या बजेटपासून एक प्रश्न माझ्या टेबलावर येऊन बसलाय: "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, म्हणजे आता बाजारात पैसा खेळणार, कारखाने येणार, पोरांना नोकऱ्या लागणार, होय ना?"

माझं उत्तर जरा बेचव आहे. कर कमी झाला ते बरंच झालं, पण कारखान्यांचं नाव त्यात कशाला?

करप्रणाली दोन, जुनी आणि नवी; करदात्यानं एक निवडायची. बारा लाखांची सूट नव्या प्रणालीतली. जुन्या करप्रणालीतली अडीच लाखांची मर्यादा 2014 साली ठरली, ती अजून तिथंच आहे. दरम्यान महागाई वाढली, तिच्यामागून पगार धावला आणि माणूस श्रीमंत न होताच वरच्या टप्प्यात गेला. कराचा दर न वाढवता सरकारला जास्त कर मिळत राहिला. त्यातलं थोडं परत मिळालं, यात उपकार कसले?

आता पैसा खेळतो का ते बघू. माझ्याकडे एक प्राध्यापक येतात, वजावटीनंतरचं उत्पन्न बरोब्बर 12 लाख. आदल्या वर्षी नव्या प्रणालीतच त्यांना सेस (करावरचा जादा आकार) धरून 83,200 रुपये कर होता, आता शून्य. वाचलेल्या पैशातले निम्मे त्यांनी घराच्या कर्जात भरले, उरलेले मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीला गेले. शहाणपणाचंच केलं. पण त्यातून शोरूमवाल्याला काय मिळालं?

सरकारच्या अंदाजानं या सवलतीपायी 1 लाख कोटींवर पाणी सोडावं लागणार होतं. ती मिळाली कुणाला? देशात वर्षाला रिटर्न भरणारे सात-आठ कोटी, आणि त्यातही कितीतरी जणांचा कर आधीपासून शून्य. शेतमजूर बाई साबणाच्या वडीवर जीएसटी भरते, तिला या सवलतीतलं काही मिळायचा प्रश्नच नाही. पण पगारदाराचा आवाज मोठा. बजेट शनिवारी, 1 फेब्रुवारीला आलं. दिल्ली विधानसभेचं मतदान बुधवारी, 5 तारखेला. तिथं सरकारी नोकरदार किती, हे मी सांगायला नको.

कंपन्यांच्या बाबतीत हा प्रयोग आधीच झाला होता. 20 सप्टेंबर 2019ला कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्के केला, नव्या कारखान्यांना 15. त्या दिवशी सेन्सेक्स 1,900 अंकांच्या वर उसळला. मग कोविड आला, हे मान्य. पण 2025च्या बजेटच्या आदल्या दिवशी खुद्द सरकारच्याच आर्थिक पाहणीत आलं की कंपन्यांची नफाक्षमता पंधरा वर्षांतल्या शिखरावर आहे आणि पगार मागं राहिलेत. गिऱ्हाईकच नसेल तर करात वाचलेल्या पैशातून नवं मशीन कोण बसवील?

आमच्याकडं कुणीतरी यशवंतरावांचं नाव काढतंच. चव्हाणसाहेब अर्थमंत्री असताना अधिभारासह सर्वांत वरचा दर 97.75 टक्के होता. वरच्या शंभरातले सव्वादोन रुपये हातात! असा दर कर बुडवायलाच शिकवतो. 1974 साली त्यांनीच तो 77वर आणला, आणि ते योग्यच होतं. त्या वर्षी अर्थव्यवस्थेची वाढ जेमतेम एक टक्क्याच्या आसपास, पुढच्या वर्षी एकदम नऊच्या घरात. आता याचं श्रेय 77ला द्यायचं? 1975ला पाऊस चांगला झाला होता.

आणि त्याच 1975 साली महाराष्ट्रानं उलटं काम केलं. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. तो पैसा पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या माणसाच्या हातात पडला की त्याच आठवडी बाजारात ज्वारी-तेलावर खर्च व्हायचा. पैसा खेळणं म्हणतात ते हे. आजही पगाराच्या स्लिपवर 'पीटी' (प्रोफेशन टॅक्स, म्हणजे हाच व्यवसाय कर) म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतात. त्याबद्दल मला एकच गोष्ट विचारली जाते: "हे वाचवता येतील का हो?"