अँबेसेडर मार्क 4: ऑईल प्रेशरचा काटा खाली आणला

गेल्या महिन्यात इंजिन बांधून झालं. बेअरिंग नवे, ऑईल पंप नवा, आणि पहिल्याच स्टार्टला ऑईल प्रेशरचा काटा 100 पौंडांच्या (पीएसआय) वर! नौपाड्यातल्या गॅरेजमध्ये सगळे खूश, "इंजिन एकदम टाइट आहे साहेब." मीही खूश. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पाहतो तर फिल्टरच्या डब्याखाली ऑईलचं थारोळं. सील बदललं, तीन दिवसांत परत ओलं.

रविवारी पहाटे घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत गाडी नेली. 20डब्ल्यू-50 ऑईल, इंजिन पूर्ण गरम, ताशी 60 ला काटा 90 वर. हे 1489 सीसीचं जुनं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन, त्याला गरम असताना धावताना 50 च्या आसपास पुरे. गेजवर संशय म्हणून दुसरं लावून पाहिलं. तेही 90.

प्रेशर उतरलं की आपण सगळे घाबरतो, चढलं की कुणी विचारत नाही. पण काटा सांगतो तो ऑईल वाटेत किती अडतंय ते. बेअरिंगला किती पोचतंय ते नाही. जादा प्रेशरचा पहिला मार सील आणि पॅकिंगवर. फिल्टरचं सील धावत्या गाडीत गेलं तर सम्प, म्हणजे इंजिनखालची ऑईलची टाकी, बघता बघता रिकामा होतो. पंप फिरतो कॅमशाफ्टवरच्या गिअरवर, त्या दातांवर सतत जोर. ऑईल उगाच तापतं. बेअरिंगच्या कडेने जास्त ऑईल सिलिंडरवर उडतं, आणि रिंग जुन्या असतील तर धूर ठरलेला.

मग रिलीफ व्हॉल्व्ह खोलला, म्हणजे प्रेशर जादा झालं की उघडून ऑईल परत सोडणारी झडप. ब्लॉकच्या मागच्या अंगाला घुमटीसारखा षटकोनी नट आहे, त्याच्या आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगमागे एकावर एक तीन वॉशर! स्प्रिंगने दाबलेला झडपेचा दट्ट्या, म्हणजे प्लंजर, हलेना. पेन्सिलीला टेप गुंडाळून त्याच्या पोकळीत घट्ट बसवली आणि फिरवत फिरवत ओढला. अंगावर लाखेसारखा तपकिरी थर, एका बाजूला उभा ओरखडा.

वॉशरने स्प्रिंग जास्त दाबली जाते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. जुने बेअरिंग झिजल्यावर काटा वर दिसावा म्हणून कुणीतरी ते वॉशर टाकले असणार. त्याचा तेव्हाही उपयोग नव्हता. गरम आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) प्रेशर इतकं कमी असतं की व्हॉल्व्ह बंदच असतो; स्प्रिंग कितीही कडक करा, काटा जागचा हलत नाही. नवे बेअरिंग पडले, प्रेशर चढलं, आणि आता ते वॉशर नडले. त्यात प्लंजरही चिकटलेला. इंजिन बांधताना हा एक नट मी खोलला नाही, याची खंत आहे. तुम्ही बांधत असाल तर आधी तो खोला.

प्लंजर बारीक पॉलिश पेपरने ऑईल लावून घासला, आता स्वतःच्या वजनाने आत सरकतो. स्प्रिंग नवी, नटाचे वॉशर नवे, ते तीन बाहेर.

आजचे आकडे: थंड स्टार्टला 70, गरम इंजिनला ताशी 60 वर 52, आयडलला 20. रात्री गाडीखाली पेपर अंथरला होता. फिल्टरखाली कोरडा. गिअरबॉक्सखाली मात्र रुपयाएवढा डाग, तो पुढच्या रविवारी.