कुठली प्रिंट पाहिली ते आधी सांगा

हॉरर, मारधाड, रक्ताचे पाट, कमी पैशात कसेबसे पुरे केलेले पिक्चर, यांच्यावरनं लोकांची जी भांडणं होतात ना, त्यातली निम्मी तरी पिक्चरची नसतातच, प्रिंटची असतात. दोघं जण एकाच नावाचे दोन वेगवेगळे पिक्चर बघून आलेले असतात, मग एक म्हणतो भारी, दुसरा म्हणतो भंगार, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

माझं आणि पुण्याच्या मामेभावाचं असंच जुंपलं, जॉर्ज रोमेरोच्या १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'वरनं. तो म्हणाला, ताई काय सुसाट पिक्चर आहे, श्वास घेऊ देत नाही. मला तो आवडतो तो नेमका उलट कारणासाठी, तो थांबतो म्हणून, झॉम्बींपासून, म्हणजे चालत्या मुडद्यांपासून, लपून मॉलमध्ये अडकलेली ती चार माणसं दुकानं लुटतात, भारी कपडे अंगावर घालून बघतात, सगळं फुकट मिळालंय आणि तरी हळूहळू कंटाळतात, तो कंटाळाच तर खरा विषय आहे. बराच वेळ आम्ही एकमेकांना समजावत बसलो आणि शेवटी कळलं की त्याने इटलीवाली कॉपी पाहिलीये. इटालियन डायरेक्टर दारिओ अर्जेंतोने युरोपसाठी तो पिक्चर स्वतः वेगळा एडिट केला होता, साधारण ११९ मिनिटांचा, त्यात विनोदाच्या जागा बऱ्याच उडवल्या आणि गॉब्लिन बँडचं म्युझिक जास्त वापरलं. अमेरिकेत थिएटरला लागला तो १२७ मिनिटांचा, आणि कान फेस्टिव्हलसाठी घाईघाईत जुळवलेला १३९ मिनिटांचा. तीन पिक्चर आहेत हे, मी शेवटचा बघितलेला आणि तो पहिला, आणि आम्ही भांडतोय रोमेरोवर! त्यातही टॉम सॅविनीच्या मेकअपमधलं रक्त एवढं भडक का, हा वाद उरतोच, पण तो तरी खरा वाद आहे कारण ते रक्त तिन्हीत तसंच भडक आहे, सॅविनीला स्वतःला ते पटलं नव्हतं आणि रोमेरोला मात्र कॉमिक बुकसारखं दिसतं म्हणून हवं होतं. मी रोमेरोच्या बाजूने.

आमच्या इंदूरात हे पिक्चर थिएटरात बघायला मिळाले असं फार कमी वेळा झालं. रीगल, यशवंत, सपना-संगीता, तिकडे मोठ्या हीरोंचे हिंदी पिक्चर चालायचे, आणि मराठी पिक्चर म्हटलं तरी कॅसेटवरच. 'झपाटलेला' मी कॅसेटवरच बघितला, रामदास पाध्यांचा तो तात्या विंचू आमच्या टीव्हीवर एवढा धूसर होता की दोऱ्या-बिऱ्या दिसायचा प्रश्नच नव्हता, बाहुला जिवंत आहे यावर आम्हा सगळ्या भावंडांचा पूर्ण विश्वास. त्यामुळे मल्हारगंजाच्या बाजूची ती व्हिडिओ लायब्ररी हेच आमचं थिएटर. शनिवारी व्हीसीआर भाड्याने आणायचा, बरोबर तीन कॅसेट, पहिली घरच्यांची पौराणिक नाहीतर कौटुंबिक, दुसरी अमिताभची, आणि आजी आई झोपल्या की तिसरी. तिसरी म्हणजे रामसे बंधूंचा हिंदी हॉरर नाहीतर इंग्रजी हॉरर, आणि इंग्रजी म्हणजे कॉपीची कॉपी आणि तिची परत कॉपी, प्रत्येक वेळी थोडा रंग गेलेला, थोडा आवाज गेलेला.

आता एक गोष्ट सांगते जी मला वाटतं ज्यांनी फक्त मोबाईलवर पिक्चर बघितलेत त्यांना माहीतच नसणार. भाड्याची कॅसेट सगळीकडे सारखी झिजत नाही. पिक्चर नीट चाललेला असतो, आणि एकदम एका सीनला खालून पांढऱ्या रेघा चढायला लागतात, चित्र थरथरतं, आवाज गुरगुरतो, तुम्ही उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवता, थोडं सुधारतं, आणि तो सीन संपला की चित्र परत स्वच्छ! याचं कारण असं की पॉज केलं की टेप जागच्या जागी थांबते पण आतला ड्रम फिरतच राहतो, त्याची हेडं टेपच्या त्याच तेवढ्या पट्टीवर घासत राहतात, आणि तिथला थर निघतो. म्हणजे ज्या सीनला शंभर घरांत लोकांनी पॉज केलं, मागे नेऊन परत परत बघितलं, तो सीन बरोब्बर तिथेच खराब. लायब्ररीवाले काका कॅसेट हातात देतानाच सांगायचे, "बेटा बीच में टेप घिसी हुई है, फिर मत बोलना." आणि घरी लावल्यावर कळायचं की मल्हारगंज ते रामबाग सगळ्यांना नक्की काय बघायचं होतं. रामसेंच्या 'वीराना'च्या कॅसेटवर जास्मिन या नटीचे सगळे सीन रेघांनी भरलेले आणि भुताटकीचे सीन मात्र कोरे करकरीत. प्रेक्षकांचं याहून प्रामाणिक मत मी कुठेच वाचलेलं नाही. तोंडाने सगळे म्हणायचे, छे, बकवास, बघवत नाही असलं काही. टेप खोटं बोलत नव्हती.

रामसेंबद्दल जरा सविस्तर बोलायलाच हवं, कारण प्रिंटने सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावर केला. 'दो गज जमीन के नीचे' १९७२ चा, महाबळेश्वरला जाऊन थोड्या पैशांत केलेला, सात भाऊ, तुलसी आणि श्याम डायरेक्शनला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साऊंडला, अर्जुन एडिटिंगला, असं घरातल्या घरात सगळं. मग १९८४ ला 'पुराना मंदिर' आला आणि अनिरुद्ध अगरवालचा सामरी राक्षस अख्ख्या देशाच्या डोक्यात बसला. हे मी आधी कॅसेटवर, मग व्हीसीडीवर बघितलं. व्हीसीडीचं चित्रच मुळात ३५२ बाय २८८, आणि अंधाराचा सीन आला की काळ्या रंगाचे चौकोन चौकोन दिसायला लागतात, आणि रामसेंच्या पिक्चरमध्ये निम्मा पिक्चर अंधारातच घडतो. लोक म्हणायचे काही दिसत नाही, स्वस्तातलं काम आहे, लाईट लावायला पैसे नव्हते वाटतं. हे मत अजून चालू आहे, अगदी सिनेमा शिकलेली मंडळीही हेच म्हणतात.

पीट टूम्ब्स यांच्या मोंडो मकाब्रो या डिस्क काढणाऱ्या कंपनीने 'पुराना मंदिर', 'बंद दरवाजा', 'वीराना' हे आधी डीव्हीडीवर आणि नंतर ब्लू-रेवर काढले. ती ब्लू-रे आमच्या इथे एका मैत्रिणीकडे मोठ्या टीव्हीवर लावली तेव्हा मी अक्षरशः गप्प झाले. खांबामागे हिरवा लाईट आहे, जमिनीलगत धूर सोडलाय आणि त्या धुरावर निळा, आणि खिडकीतून लाल, आणि ते सगळं थरावर थर, म्हणजे हवेलीच्या एका दालनात मागे किती खोल जागा आहे ते फक्त रंगांनी सांगितलंय. गंगू रामसे यांनी हे सगळं तेव्हाच केलेलं होतं, आपल्यापर्यंत पोचलं नाही एवढंच. आता यावरही कोणी म्हणेल की 'पुराना मंदिर'मधला जगदीपचा शोलेच्या नकलेचा तो मच्छर सिंगचा ट्रॅक लांबलाय, तर हो, लांबलाय, मलाही पुढे ढकलावासा वाटतो, पण ते मत पिक्चरवर आहे, ते मान्य. अंधार होता हे मत व्हीसीडीवर आहे.

हेच 'सस्पिरिया'चं. अर्जेंतोचा १९७७ चा पिक्चर, टेक्निकलरच्या जुन्या डाय ट्रान्सफर पद्धतीने, म्हणजे एकेक रंग फिल्मवर वेगळा छापून, त्याच्या प्रिंट काढल्या होत्या, का तर तो लाल रंग हवा म्हणून. आणि व्हीएचएस टेपवर नेमका लाल रंगच सगळ्यात जास्त फुटतो, कडा सोडून बाहेर सांडतो. टेपवर बघून कोणी म्हणालं रंग भडक आणि घाणेरडे आहेत तर त्याला काय सांगणार.

'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'ची तर वेगळीच कहाणी. १९६८ ला डिस्ट्रिब्युटरने नाव बदललं आणि नव्या टायटलवर कॉपीराईटची ओळ टाकायचीच राहिली, त्या वेळच्या अमेरिकन कायद्याने पिक्चर सगळ्यांचा झाला, रोमेरोच्या हातात त्यातनं फारसं काही आलं नाही. मग ज्याला हवं त्याने जशी मिळेल तशी प्रिंट घेऊन कॅसेट काढली, पांढुरकी, चरे पडलेली, चेहरे गेलेले. किती वर्षं लोक म्हणत होते की हा पिक्चर डॉक्युमेंट्रीसारखा ओबडधोबड आहे, हीच त्याची मजा. मग ओरिजिनल निगेटिव्हवरून नीट दुरुस्ती झाली, २०१६ ला दाखवली, २०१८ ला क्रायटेरियन या डिस्क कंपनीने तो काढला, आणि दिसलं की सावल्या किती विचारपूर्वक पाडल्यात, हीरो ड्वेन जोन्सच्या चेहऱ्यावर काय काय चालू आहे. चॉकलेट सिरपचं रक्त वापरलेला पिक्चर आहे हा, ब्लॅक अँड व्हाईट म्हणून खपून गेलं, तरी त्यातली एकही फ्रेम निष्काळजीपणे लावलेली नाही.

यावर आमच्या ग्रूपमधले एक दादा नेहमी म्हणतात की अगं पण स्वच्छ प्रिंटमुळे मजा जाते, 'ईव्हिल डेड'मध्ये मेकअपच्या कडा दिसतात, नळ्या दिसतात, टेपवर कसं सगळं भयानक वाटायचं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. धूसर टेपने आपल्या कल्पनेला जागा दिली हे खरंय. पण मला कडा दिसलेल्या आवडतात. डायरेक्टर सॅम रेमी आणि त्याची दोस्तमंडळी टेनेसीच्या थंडीत एका पडक्या केबिनमध्ये १६ एमएमवर शूट करतायत, कॅमेरा एका लाकडी फळीला लावून दोन बाजूंनी दोघं जण धरून रानातनं पळतायत, नट कंटाळून घरी गेले तर मित्रांना त्यांचे कपडे चढवून पाठमोरं उभं करतायत. हे सगळं स्वच्छ प्रिंटमध्ये कळतं आणि माझा आदर वाढतो, भीती थोडी कमी झाली तर झाली.

आणि हाच 'ईव्हिल डेड' ब्रिटनमध्ये कोर्टकचेऱ्यांत अडकला होता. तिकडे ८० च्या दशकात 'व्हिडिओ नॅस्टी', म्हणजे घाणेरड्या कॅसेट, म्हणून मोठा गहजब झाला, सरकारी वकिलांच्या यादीत एकूण ७२ पिक्चर येऊन गेले, त्यातल्या ३९ वर गुन्हे सिद्ध झाले, १९८४ ला व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज ॲक्ट आला. न बघता मत देणाऱ्यांचा तो काळ. 'टेक्सस चेन सॉ मॅसकर' तिथे १९९९ पर्यंत सर्टिफिकेटशिवाय पडून होता, आणि तो पिक्चर नीट बघा हो, त्यात रक्त जवळजवळ नाहीच! आकड्याला टांगायचा सीन लोक अंगावर काटा आणून सांगतात, आकडा रुतताना दाखवलेलाच नाही. सेन्सॉरची अडचण हीच होती की कापायला असा एक वेगळा तुकडा सापडेना, सगळा पिक्चरच तसा.

कापण्यावरनं आठवलं. आपल्याकडे टीव्हीवर आणि कितीतरी व्हीसीडींवर मारहाणीचा सीन कसा कापतात? वार ठेवतात आणि वार झाल्यावरचं कण्हणं, तडफडणं, मागे राहिलेल्यांचे चेहरे कापतात. म्हणजे मारणं उरतं आणि लागणं जातं. मला हे फार चुकीचं वाटतं. हिंसा बघवत नाही असं वाटायला लावणारा भाग काढून टाकायचा आणि उरलेली गंमत मुलांसमोर लावायची, मग हे पिक्चर मुलांना बिघडवतात म्हणून ओरडायचं.

पण म्हणून सगळंच मला चालतं असं नाही. 'कॅनिबल होलोकॉस्ट', रुज्जेरो देओदातो, १९८०, नट खरंच मेले अशी शंका येऊन इटलीत त्याला नट जिवंत आहेत हे दाखवावं लागलं होतं, ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. त्यात कासव आणि बाकीची जनावरं मारलीत ती मात्र खरीच मारलीत. काही डिस्कवर तो भाग वगळून बघायची सोय आहे आणि मी तसाच बघा म्हणेन, पिक्चर काही कमी होत नाही. आणि 'गुंडा'. कांती शाह, १९९८, मिथुन, मुकेश ऋषीचा बुल्ला, बशीर बब्बर यांचे ते यमक जुळवलेले डायलॉग, कॉलेजची पोरं पाठ म्हणतात. डायलॉगचा ताल मलाही कळतो, तो खरंच कमावलेला आहे. पण त्यात बायकांवरचे अत्याचार ज्या पद्धतीने येतात त्यावर सगळी खोली हसत असते तेव्हा मला हसू येत नाही, आणि 'इतका वाईट की छान' एवढंच म्हणून मोकळं होणाऱ्या लोकांनी तेवढे सीन एकदा न हसता बघावेत असं मी दर वेळी सांगते. एखाद्या स्वस्तातल्या पिक्चरला गंभीरपणे घ्यायचं म्हणजे त्याच्यावर रागवायचंही.

२००७ ला मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली तेव्हा जेल रोडला गाड्यांवर ढीग लागले होते, मी पिशवी भरभरून आणायचे. लायब्रऱ्या तेव्हाच संपत आल्या होत्या. पुढे २०१६ ला जपानच्या फुनाईने व्हीसीआर बनवणं थांबवलं, मोठ्या कंपन्यांतली ती शेवटचीच उरली होती. आता अडचण अशी की ८०-९० च्या दशकातले कितीतरी बारके हिंदी हॉरर, डाकूपट, एखाद-दोन मराठीसुद्धा, धड डिस्कवर आलेच नाहीत, असतील तर कोणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेटमध्येच.

तर इंदूर, देवास, उज्जैन, महू, कुठेही असाल आणि घरी जुन्या कॅसेट असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. लगेच व्हीसीआरमध्येही घालू नका. आधी खिडकीशी धरून छोट्या काचेतनं रिळाची कड बघा, पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात हमखास धरते, तशीच चालवली तर मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा, साफ करता येते. कड काळी चकचकीत असेल तर उत्तम, उभी ठेवा, आडवी नको, आणि कव्हरवरचं लायब्ररीचं लेबल खरवडू नका. मला कॉमेंटमध्ये नाव कळवा, माझ्याकडे चालू व्हीसीआर आहे, मी कॉम्प्युटरवर उतरवून देईन. रेघा असलेले सीनसुद्धा तसेच्या तसे.