किरकोळ

परवा दुपारी टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरली. त्याआधीचे सगळे उपचार करून झाले होते. शेपटीकडून गुंडाळत आणणं, टेबलाच्या कडेवर घासणं, दाराच्या फटीत दाबणं. चिरल्यावर आत आठवडाभर पुरेल एवढी पेस्ट निघाली आणि मला मनापासून आनंद झाला. आणि मग कात्री पुसता पुसता एकाएकी इतकं गळून गेल्यासारखं झालं, की तिथेच बादली पालथी घालून बसले.

वास्तविक दमण्यासारखं केलं काय होतं? ओझी उचलली नव्हती की जिने चढले नव्हते. पण हात आखडता घेऊन जगणाऱ्यांना हे दमणं ठाऊक असतं. ते झोपेने जात नाही. डोक्यात मागे कुठेतरी सतत एक वजाबाकी चालू असते. हे आत्ता घेतलं तर ते पुढच्या महिन्यात. चपला शिवून चालतील, पण चष्म्याचं काय? चष्मा ढकलला पुढे, तर डोकं दुखतं. डोकं दुखलं की गोळी, आणि गोळी काही फुकट मिळत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे कबूल. पण रात्रभर पाय पोटाशी घेऊन झोपलं की सकाळी पोटऱ्या किती दुखतात, ते त्या म्हणीत कोणी घातलेलं नाही.

त्यातही पैशापेक्षा सबबींनी जास्त दम लागतो. मैत्रिणी कुठे जायचं ठरवतात, वर्गणी काढतात, आणि आपण लिहितो, ‘अगं, नेमकं त्या दिवशी पाहुणे यायचेत.’ मग ते पाहुणे लक्षात ठेवावे लागतात. पुढच्या भेटीत ‘कोण आलं होतं गं?’ असं कोणी विचारलं तर त्यांना नावगाव द्यावं लागतं. माझ्याकडे असे न आलेले पाहुणे इतके झाले, की एक दिवस मी सरळ लिहून टाकलं, ‘या महिन्यात पैशाचं जमत नाहीये.’ खाली थोडा वेळ शांतता. मग एकीने लिहिलं, ‘माझंही.’ मग आणखी एकीने. शेवटी एकीच्या गच्चीवर नुसत्या गप्पा मारत बसलो. किती हलकं वाटलं!

पैसे वाचवण्याचे उपाय सांगणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. त्यांचा पहिला उपाय ठरलेला: खर्चाची नोंद ठेवा. अहो, नोंद डोक्यात कोरलेली आहे, ती थोडा वेळ पुसायची कशी ते सांगा! मी माझ्यापुरती एक गोष्ट केली आहे. नेहमीच्या वस्तू एकदाच काय त्या ठरवून टाकल्या. साबण हाच, दुकान हेच. दुसरीकडे दोन पैसे स्वस्त मिळतो का, हे बघायला जायचं नाही. पैशाची काळजी करायला रविवारची संध्याकाळ नेमून दिली आहे. बाकीचे दिवस ती आली तर तिला म्हणायचं, रविवारी ये. ती ऐकते असं नाही, पण निदान उंबऱ्यात घुटमळते.

आईची पद्धत पाकिटांची होती. बाबांचा पगार झाला की ती जमिनीवर बसायची. जुन्या पत्रांची पाकिटं, प्रत्येकावर तिच्या बारीक अक्षरात भाडं, वीज, शाळा, औषध. नोटा मोजून आत घालायची, पाकिटाचं तोंड दुमडायची. औषधाच्या पाकिटात पैसे असताना ती वीजबिलासाठी शेजारच्या काकूंकडून उसने आणायची. मला तो शुद्ध वेडेपणा वाटायचा. पुढे कळलं की या वेड्यांत मोठमोठी मंडळी आहेत. डस्टिन हॉफमन आणि जीन हॅकमन हे नट उमेदवारीच्या काळातले मित्र. एकदा हॉफमनने हॅकमनकडे उसने पैसे मागितले. हॅकमन त्याच्या घरी गेला तर स्वयंपाकघरात बरण्यांची रांग, त्यांत पैसे. एकीवर ‘भाडं’, दुसरीवर आणखी काही. तो म्हणाला, अरे, हे एवढे पैसे आहेत की! हॉफमनने ‘जेवण’ लिहिलेली बरणी दाखवली. ती रिकामी होती. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी मनातल्या हिशेबांबद्दल लिहिताना हा किस्सा सांगितला आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने सगळा पैसा एकच, कुठल्याही बरणीतला कुठेही चालावा. पण आईला हे सांगायला जायची कोणाची छाती नव्हती. एका पाकिटाला हात लावला की सगळ्यांचीच तोंडं उघडतात, असं ती म्हणायची. थेलरना 2017 साली नोबेल मिळालं, तेव्हा बक्षिसाचे पैसे कसे खर्च करणार असं त्यांना विचारलं गेलं. शक्य तितक्या अविवेकाने, असं त्यांचं उत्तर होतं.

तशी सोय आईच्या वहीतही होती. महिन्याच्या शेवटी हिशेब लिहिताना सगळ्यांत खाली एक ओळ असे, ‘किरकोळ’. रक्कम लहानशीच. बाबा वही बघायचे, वरच्या ओळींवर बोट ठेवून विचारायचेही, पण त्या ओळीवर त्यांचं बोट कधी थांबलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘तुला काय करायचंय?’

एका उन्हाळ्यात मी तिच्याबरोबर बँकेत गेले होते. परतीची वाट नेहमीची, पायी यायची. अर्ध्या रस्त्यात ती थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि अचानक हात करून गाडी थांबवली. मी चकित. घर तर पलीकडच्या चौकात! आत बसल्यावर ती काहीच बोलली नाही. पाठ टेकून, पिशवी मांडीवर ठेवून बाहेर बघत राहिली. एरवी रस्त्यात दुकानांतले भाव वाचत येणारी बाई, त्या दिवशी नुसती बघत होती. उतरल्यावर पैसे दिले, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘चल.’ त्या महिन्याच्या वहीत त्याची वेगळी नोंद नव्हती. मी मुद्दाम पाहिलं.

हे सगळं खरं असलं, तरी या युक्त्यांचं फार कौतुक करू नये असंही वाटतं. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता. 464 शेतकरी. ऊस निघण्याआधी, हात तंग असताना, त्यांना बुद्धीला ताण देणारी कोडी घातली, आणि पैसे हाती आल्यावर पुन्हा घातली. तीच माणसं दुसऱ्या वेळी सरस ठरली. त्या निष्कर्षांवर पुढे वादही झाले, होऊ देत. मला त्यातलं एवढंच लागून राहिलं, की मधल्या काळात त्यांना कोणी नेमून दिलेली रविवार संध्याकाळ शिकवली नव्हती. पाकिटं वाटली नव्हती. पैसे आले होते, बस्स. ज्याच्या सगळ्याच पाकिटांत काही नाही, त्याच्यापुढे माझा साबण ठरवून टाकण्याचा उपाय काढायची मला तरी लाज वाटेल.

आमच्या घरीही पुढे पैसे आले. आम्ही भावंडं कमावती झालो, बाबांचं कर्ज फिटलं, वही हळूहळू सुटली. ‘किरकोळ’ ही ओळही तिच्याबरोबर गेली. मध्यंतरी कपाट आवरताना ती सगळी पाकिटं मला एका रबरबँडमध्ये सापडली. कडा झिजलेल्या, एकाला चिकटपट्टी. टाकून देऊ का, असं विचारलं.

‘टाकतेस काय?’ आई म्हणाली. ‘चांगली आहेत की अजून.’