ठाण्याच्या दमट हवेत नाताळबाजारातले तिखट-गोड बदाम

नोव्हेंबरच्या शेवटी जर्मनीत नाताळबाजार लागले की तांब्याच्या मोठ्या कढयांत बदाम घोळायला लागतात. साखर, पाणी, दालचिनी आणि सालासकट कच्चे बदाम, एवढाच माल. कागदाच्या टोकदार पुडीत गरमागरम मिळतात. ‘गेब्रान्टे मान्डेल्न’ म्हणतात त्यांना. मूळ प्रकार नुसता गोड. तिखट लावलेलेही मिळतात, आणि आपल्याकडे तेच आधी संपतील.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत करायचे तर 200 ग्रॅम बदाम, 150 ग्रॅम साखर, 75 मिली पाणी, एक छोटा चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा मीठ आणि पाऊण चमचा लाल तिखट घ्या. बदाम वाशीच्या एपीएमसीतून आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, पण भाजलेले, खारवलेले नकोत. ते कढईतच भाजले जातात, आधीच भाजलेले असले तर कडू होतात. कढई जाड बुडाची आणि आतून उजळ हवी. काळ्या लोखंडी कढईत साखरेचा रंग कळत नाही.

साखर, पाणी, मीठ आणि बदाम एकदमच मध्यम आचेवर ठेवा आणि साखर विरघळली की ढवळत राहा. गुलाबजामच्या पाकात साखर धरू नये म्हणून लिंबू पिळतो, ते इथे अजिबात नको. इथे पाक साखरायलाच हवा. गूळही नको, त्याने चिकट चिक्की होते. सात-आठ मिनिटांत पाणी आटतं, बुडबुडे जाड होतात आणि बघता बघता सगळं कोरडं, पांढरट, रवाळ होतं. बिघडलं समजून इथेच बरेच जण गॅस बंद करतात किंवा पाणी घालतात. दोन्ही करू नका. आच मंद करा आणि तळापासून हलवत राहा. तळाची साखर पुन्हा वितळते, तपकिरी होते आणि बदामांवर चढते. सगळी वितळेपर्यंत थांबू नका. निम्मे दाणे चकचकीत, निम्मे खरबरीत दिसले की गॅस बंद. कडेला धूर दिसला तर उशीर झालाय.

दालचिनी आणि तिखट आता, गॅस बंद केल्यावर. आधी घातलं तर तिखट करपतं आणि घरभर ठसका लागतो. रंगाला काश्मिरी, झणक हवी तर त्यात थोडी लवंगी.

लगेच बटर पेपरवर ओता आणि दोन काट्यांनी दाणे सुटे करा. हात लावू नका, ही साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते. कढईला चिकटलेली खरवडत बसू नका. पाणी घालून उकळी आणली की सुटते.

काजू घेतलेत तर वेगळे करा. ते लवकर लाल होतात, बदामांबरोबर टाकले तर करपतात.

आता आपली हवा. वितळून काचेसारखी झालेली साखर ओलावा पटकन ओढते, म्हणून पावसाळ्यात खाडीकडच्या उघड्या खिडकीत हे बदाम तासाभरात चिकट होऊ शकतात. एसी लावलेल्या खोलीत निववा. पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका, आणि फ्रिजमध्ये तर नकोच; बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटतं. चिकटलेच तर ओव्हनमध्ये 120 अंशांवर दहा मिनिटं ठेवा, गार होताना परत कडक होतात. दिवाळी ते संक्रांत हवा कोरडी असते, तेव्हा घट्ट झाकणाच्या बरणीत दोन आठवडे सहज टिकतात.