आजींचा टीव्ही, बाबांचा टीव्ही

गेल्या आठवड्यात पाळी संपता संपता एका आजींनी मला हाताला धरून बसवलं. मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या वृद्धाश्रमात नर्स आहे. तिथल्या मोठ्या खोलीत दिवसभर जीबी न्यूज हे बातम्यांचं चॅनेल चालू असतं, कारण रिमोट एका आजोबांच्या उशीखाली असतो. आजी वैतागल्या होत्या. मला दिसत नाही, तू टाइप कर, म्हणाल्या. कुठे? ऑफकॉमच्या, म्हणजे टीव्ही चॅनेलांवर देखरेख ठेवणाऱ्या इथल्या संस्थेच्या, तक्रारीच्या फॉर्मात.

कोणता कार्यक्रम, किती वाजता, काय खटकलं. पाऊण तास गेला. आजी स्वल्पविरामसुद्धा सांगत होत्या. मी 'खोटं बोलला' असं लिहिलं तर म्हणाल्या, खोड ते, 'दुसरी बाजू आलीच नाही' असं लिही. माझी बस चुकली. आपल्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या पुढे, टीव्हीवर चिडलेला माणूस फार तर टीव्हीलाच शिवी हासडतो.

मला वाटलं, या कागदाला कोण विचारतो! पण फेब्रुवारी २०२४ मध्ये याच चॅनेलनं निवडणुकीच्या वर्षात इथले तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांना प्रेक्षकांसमोर तासभर दिला, तेव्हा ऑफकॉमकडे ५४७ तक्रारी गेल्या होत्या. पुढे ऑक्टोबरात १ लाख पौंडांचा दंड. आपले कोटीच्या वर! चॅनेल कोर्टात गेलं ते वेगळं.

बाबांना फोनवर हे रंगवून सांगितलं.

"मंग बंद झालं का थे चॅनेल?"

"नाही."

"मंग कायचा दंड वं माय!"

बाबांचं अगदीच चुकत नाही. तेव्हाचे खासदार जेकब रीस-मॉग यांनी याच चॅनेलवरच्या आपल्या कार्यक्रमात ताज्या बातम्या दिल्या, म्हणून ऑफकॉमनं नियमभंग ठरवला होता. बातम्यांच्या कार्यक्रमात राजकारण्यानं बातम्या वाचायच्या नाहीत, असा इथला नियम. फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं तो निर्णयच रद्द केला. कार्यक्रम एकतर बातम्यांचा किंवा चालू घडामोडींचा, एकाच वेळी दोन्ही नाही, असं काहीसं. हे बाबांना सांगितलं नाही. माझीच बाजू पडली असती.

जेवणाच्या सुट्टीत मात्र एक इंग्रज सहकारी म्हणाली, तुमच्या देशातली चॅनेलं नुसती ओरडतात ना? इथे मला झोंबलं. तुमच्याकडे पंतप्रधानांना तासभर मोकळं रान, आणि ओरडतो आम्ही? म्हटलं खरं, पण २०२० च्या डिसेंबरात याच ऑफकॉमनं रिपब्लिक भारतच्या इथल्या परवानाधारक कंपनीला २० हजार पौंडांचा दंड ठोकला होता, पाकिस्तानी लोकांबद्दलच्या द्वेषाच्या भाषेसाठी. ते तिला माहीत नव्हतं. मीही चमचा ताटात फिरवत गप्प बसले. आपल्याकडे वाहिन्यांचीच संस्था वाहिन्यांना दंड करते, २०२३ मध्ये तो जास्तीत जास्त १ लाख रुपये होता. एवढ्यानं काय होणार, असं तेव्हा सुप्रीम कोर्टानंच विचारलं होतं.

खरं सांगू? आपल्या चॅनेलांचं ओरडणं मी एकवेळ सोडून देईन. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना वीसच्या वर माणसं विषबाधेनं गेली. त्या दिवसांत संध्याकाळी आमच्या घरच्या टीव्हीवर काय चालू असायचं? पाकिस्तान. बाबा ओसरीत पंप धुऊन ठेवायचे आणि आत येऊन तेच पाहायचे. ऑफकॉमसारखं कार्यालय उद्या यवतमाळात उघडलं, तरी त्या फॉर्मात मी काय भरणार? कार्यक्रमाचं नाव? वेळ? जे दाखवलंच नाही त्याची वेळ कोणती टाकायची?

बाबांना तेही बोलून दाखवलं. थोडा वेळ फोनवर फक्त टीव्हीचा आवाज.

"कापसाचा भाव सांगते का वं तुह्या आजीचं चॅनेल?"

नाही म्हटलं.

"मंग दोन्ही सारखेच," म्हणाले, आणि आवाज वाढवला.