गुळाचा पिवळा

झोप येईना म्हणून लिहितेय. झालं काहीच नाही खरंतर. आक्काने सांगितलेला गूळ आणायला कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत गेले, दुकानदाराने एक किलोची ढेप पुढं सरकवली आणि त्याच्यावर मीच डिझाईन केलेलं लेबल. २०१३ चं. तोच ऊस, तीच काहील, वाफेच्या त्याच तीन रेघा आणि तोच पिवळा. छपाईच्या शाईचे टक्के: यलो १००, मॅजेंटा ३०, ब्लॅक ५. त्या पिवळ्यासाठी शाहूपुरीतल्या प्रेसमध्ये रात्री अकरापर्यंत मशीनजवळ उभी राहिले होते, आधी हिरवट येत होता, मग भगवा. आकडे अजून पाठ आहेत याचा मला भयंकर राग आला.

पण राग यायच्या आधी एक क्षण मला आनंद झाला होता. तेच टोचतंय. दुकानात उभं राहून चक्क वाटलं की किती छान दिसतंय हे.

चार वर्षं झाली डिझाईनचं काम सोडून आणि चार वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलेय की ती बारा वर्षं पाण्यात गेली. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, 'लोगो जरा मोठा करा की ताई', एका पावसाळ्यात रंग उडून गटारीत जाणारं काम. अण्णांनाही हेच सांगून गप्प केलं. आणि मग ते लेबल आपलं दहा-बारा वर्षं निवांत घराघरांत जातंय, आणि माझे मेणात रंगवलेले पॅनल आठ महिने भिंतीला तोंड करून उभे आहेत. शाहू स्मारकात प्रदर्शनात लावले तेव्हा लोक विचारत होते, मेणबत्तीचं आहे काय हे? हो म्हणायचं की नाही म्हणायचं तेच कळायचं नाही मला. त्या गुळाच्या ढेपेचा हेवा वाटला आज, खरंच वाटला.

मेणाकडं का आले ते मला नीट सांगता येत नाही, आक्कालाही मी सांगू शकले नाही. इजिप्तमधल्या फायूमचे ते चेहरे पहिल्यांदा फोटोत बघितले तेव्हा गलबलून आलं होतं, पहिल्या ते तिसऱ्या शतकातली माणसं, ममीवर बांधलेल्या फळ्यांवर रंगवलेली, आणि बऱ्याच जणांचे डोळे अजून ओले वाटतात. मग कळलं की त्यातले कितीतरी मेणात रंगवलेत. या पद्धतीला एन्कॉस्टिक म्हणतात, त्या ग्रीक शब्दाचा अर्थच जाळून आत बसवणं. मधमाशीचं मेण साधारण आठ भाग, डामर नावाची झाडाची राळ एक भाग, त्यात कोरडा रंग. मेण ६२-६४ डिग्रीला वितळतं पण काम करायला नव्वदच्या आसपास लागतं आणि धूर दिसला की समजायचं फार तापलं. ब्रश तव्यावरून फळीपर्यंत नेईस्तोवर गार व्हायला लागतो. प्रत्येक थर हीट गनने खालच्या थरात विरघळवायचा, नाहीतर पुढं सुटून येतो. मामाच्या गुऱ्हाळावर गुळव्या नुसता फेस बघून सांगायचा की आता उतरवा, थर्मामीटर नव्हता कुणाकडं. मला पहिलं वर्षभर तेवढंच जमत नव्हतं.

पांढरं मेण मिळत असताना मी पिवळंच का आणते, हे मला कुणी कधी विचारलं नाही. आज मीच विचारलं. पाटगावकडचं मेण फोडलं की आत जो रंग असतो तो. घरी येऊन ढेप आणि पॅनल ट्यूबलाईटखाली शेजारीशेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसले. चार वर्षं मी तोच पिवळा शोधतेय.

मग रडू आलं थोडं. त्याबद्दल नको लिहायला.

नंतर जरा बरं वाटलं. बाबूराव पेंटर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवायचे, याच गावात, आणि त्यांना कुणी म्हटलं नाही की हे कला नाही. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सच्या १९५४-५५ च्या 'फ्लॅग' या चित्रामध्ये तर मेणाखाली वर्तमानपत्राचे कागदच आहेत, जवळ गेलं की छापील ओळी दिसतात. मेणात भिजला की कागद पारदर्शक होत जातो. म्हणून रात्री साडेदहाला तवा लावला, खिडकी उघडली, ढेपेवरचं लेबल हळूच सोडवून फळीवर ठेवलं आणि वरून मेण फिरवलं.

बसलंच नाही. गार झालं आणि नखाने उचललं तर अख्खा पापुद्रा निघून हातात आला. ग्लॉस लॅमिनेशन. मीच सांगितलं होतं मालकांना, थोडा खर्च वाढेल पण हात लागून खराब होणार नाही. खरंच झालं नाही, अजून जसंच्या तसं आहे.

पण कच्चं स्केच बटर पेपरवर होतं, ते माळ्यावरच्या निळ्या फाईलीत असणार. उद्या अण्णांना ती फाईल काढून द्यायला सांगते. काय करायचीय विचारतील. तवा बंद केलाय, घरभर मधाचा वास आहे आणि आक्का आतून विचारतेय की गूळ उघडा का टाकलाय, मुंग्या लागतील.